समुद्राकाठी घर घेण्यापूर्वी एक पावसाळा वसईत राहून पाहा

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरल्यावर समोर समुद्र दिसेल, अशी आपली अपेक्षा असेल तर ती तिथेच सोडून द्यावी. समोर असतात रिक्षांच्या रांगा, फळांच्या गाड्या आणि अंबाडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती. समुद्र तेथून सहा-सात किलोमीटर दूर आहे. वाटेत पापडी लागते, मग जुने वसई गाव, पारनाका, आणि अखेरीस चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला. एका बाजूला वळलात की सुरूची झाडे आणि त्यांच्या पलीकडे ओहोटीला दूर गेलेले करडे पाणी दिसते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि पश्चिमेला भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा असा किनारा. या चौकटीत ही उपनगरे वसली आहेत. चर्चगेटपासून लोहमार्गाने सुमारे ५२ किलोमीटरवर.

मी या भागात गेली सव्वीस वर्षे दवाखाना चालवते. अलीकडे माझ्याकडे एक निराळाच प्रश्न घेऊन माणसे येतात. गिरगाव, लालबाग, दादर येथील जुनी खोली विकून किंवा पुनर्विकासात मिळालेली जागा देऊन इकडे समुद्राजवळ मोठे घर घ्यावे, असे त्यांच्या मनात असते. कागदपत्रे वकिलाने पाहिलेली असतात, किंमत मुलाने ठरवलेली असते. वडील मात्र तपासून झाल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टर, इथली हवा आम्हाला मानवेल ना?" या प्रश्नामागे आयुष्यभराची पुंजी उभी असते. सत्तरीत घेतलेले घर चुकले तर ते विकून पुन्हा मुंबईत परतणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

समुद्राची हवा म्हणजे औषध, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. क्षयावर औषधे नव्हती त्या काळात हवापालट हाच उपचार होता, आणि ती आठवण घराघरांतून अजून टिकून आहे. किनाऱ्यावर धूळ कमी असते, वारा खेळता असतो, दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही, हे खरेच. थंडीत सांधे आखडणाऱ्यांना इथला डिसेंबर पुण्याच्या डिसेंबरपेक्षा सुसह्य वाटतो. पण हवा चांगली म्हणजे कोणत्या महिन्यातील, दिवसाच्या कोणत्या वेळेची आणि कोणत्या रुग्णासाठी, हे विचारल्याशिवाय 'मानवेल' असे मी म्हणत नाही.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा जमीन लवकर तापते, तेव्हा वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. या दोन्हींच्या मधल्या वेळेत, म्हणजे सकाळी आणि पुन्हा सूर्यास्तानंतर, काही काळ हवा अगदी पडते. घर पाहायला माणसे दुपारी चारला येतात, तेव्हा गच्चीत वारा भरभरून असतो. दलाल नेमकी हीच वेळ देतो, असे म्हणण्याइतकी मी संशयी नाही. पण आपण रात्री नऊलाही एकदा त्या घरात जाऊन उभे राहावे.

मे महिन्यातला उकाडा हा इथला पहिला प्रश्न. तापमान विदर्भासारखे चढत नाही, त्यामुळे माणसे निर्धास्त असतात. मात्र उष्णतेची लाट ठरवताना हवामान खाते मैदानी प्रदेशासाठी ४० अंशांची मर्यादा धरते, आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची. हा फरक विनाकारण नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम येतो, वाहतो, पण वाळत नाही. वयपरत्वे तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणि सोडियम दोन्ही कमी होतात. आजी दोन दिवस मलूल आहेत, असंबद्ध बोलतात, तोल जातो, म्हणून घाबरलेले कुटुंब येते आणि रक्ततपासणीत सोडियम घसरलेले आढळते. यावर 'भरपूर पाणी प्या' हा सरसकट सल्ला मी देत नाही. ज्यांचे हृदय अशक्त आहे किंवा मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांना पाणी मोजूनच घ्यावे लागते. तेव्हा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, मार्चमध्येच, आपल्या डॉक्टरांकडून पाण्याचे आणि गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्या.

त्यानंतर पावसाळा. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या काळात ओल भिंतींपुरती राहत नाही. ती कपाटात शिरते, गादीत शिरते, औषधांच्या डब्यात शिरते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर वाऱ्याचा पाऊस सपासप आदळतो. ज्या खोलीत ज्येष्ठांचा पलंग ठेवायचा, तिची बाहेरची भिंत कोणत्या दिशेला आहे हे घर पाहतानाच बघून ठेवा. भिंतीच्या खालच्या भागात रंगाचे पापुद्रे, पांढरी पूड किंवा काळपट ठिपके दिसले तर ते नव्या रंगाने झाकले जातील, बरे होणार नाहीत. काळे ठिपके म्हणजे बुरशी. दमा किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे असलेल्या माणसाला ती पलंगामागची बुरशी समुद्राच्या हवेचा सगळा फायदा विसरायला लावते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दवाखान्यात वाफाऱ्याच्या यंत्राला उसंत नसते.

काळजी घेणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी, ज्या घराच्या माहितीपत्रकात कधी येत नाहीत. साखर तपासण्याच्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात आणि चुकीचा आकडा दाखवतात. डबी उघडून पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावावे. महिन्याभराच्या गोळ्या पाकिटातून काढून खणांच्या डबीत भरून ठेवण्याची सोय मुंबईत चालून जाते, इथल्या पावसाळ्यात नाही, आठवड्यापुरत्याच काढाव्यात. कानाचे यंत्र रात्री शोषक गोळ्यांच्या बंद डबीत ठेवावे, नाही तर आजोबांना ऐकू येत नाही ते कानामुळे की यंत्रामुळे, हे कळायला पंधरा दिवस जातात. मधुमेहींच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. त्या साध्या वाटतात, पण तेथून जंतू शिरून पाय सुजल्याचे रुग्ण दर पावसाळ्यात येतात. रोज रात्री बोटांमधली जागा कोरडी पुसून, दिवा लावून, नजरेने तपासायची. ज्यांना तळव्यांची संवेदना कमी आहे, त्यांनी वाळूत अनवाणी चालूच नये. कालव आणि शिंपल्याच्या कडा सुरीसारख्या असतात आणि जखम झाल्याचे त्यांना घरी आल्यावर मोज्यावरच्या डागाने कळते.

चालण्याचा विषय निघालाच आहे. समुद्राकाठी रोज फिरायला मिळेल, हे घर घेण्यामागचे एक मोठे आमिष असते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो. गुडघे आणि तोल दोन्हींवर ताण येतो. पाण्यालगतची ओली वाळू टणक असते, पण ती समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर तक्रार करते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांच्यासाठी सुरूच्या बागेतली सपाट पायवाट किंवा किल्ल्याकडचा रस्ता अधिक बरा, तोही पावसाळ्यात शेवाळ धरण्यापूर्वी. येथील काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि भरती परतते तेव्हा मागच्या खोलगट भागातून आधी भरत येते. नव्या माणसाने गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. रविवारी किनाऱ्यावर सहलींची गर्दी, गाण्यांचे कर्णे आणि उलट-सुलट लावलेल्या गाड्या असतात. किनाऱ्याच्या अगदी रस्त्यालगत घर असेल तर शनिवार-रविवारची झोप त्या हिशेबात धरावी.

आता पाणी. या प्रदेशाची एक जुनी शहाणी व्यवस्था होती, तिचे नाव बावखल. वाडीत खोदलेले, पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारे ते तळे. पावसाळ्यात ते परिसरातले जादा पाणी पोटात घेई, उन्हाळ्यात केळी आणि पानवेलींना पाणी देई, आणि वर्षभर आसपासच्या विहिरी गोड ठेवी. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो; वरून झिरपणे थांबले आणि खालून उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. गेल्या काही दशकांत अनेक बावखले बुजवली गेली आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. त्याची किंमत दोन रीतींनी मोजावी लागते: पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येते आणि उन्हाळ्यात कूपनलिकेतून मचूळ पाणी येते. आपण पाहत असलेली इमारत बुजवलेल्या बावखलावर किंवा मिठागराच्या कडेला उभी आहे का, हे शेजारच्या वाडीतील एखाद्या वृद्ध गृहस्थांना विचारा. ते चहाही देतील आणि खरेही सांगतील. आगाशीकडे गेलात तर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, जरूर घ्या; मधुमेहींनी मात्र ती दुसऱ्यांना खाऊ द्यावी.

नळाचे पाणी सूर्या धरणावरून येते आणि पूर्वीच्या मानाने पुरवठा सुधारला आहे. तरी प्रत्येक इमारतीला ते किती मिळते आणि उरलेले टँकरने येते का, हे सोसायटीच्या देखभालीच्या पावत्या पाहून समजते. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे, ते कोणी सांगत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे काहीच नाही. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांसाठी सोडियमचा आकडा वेगळा मागून घ्या. मिठाबद्दल बोलायचेच तर सुके बोंबील आणि करंदी यांच्याइतका मोह या किनाऱ्यावर दुसरा नाही. मलाही तो आवरत नाही. तरी औषधे नेमाने घेऊनही रक्तदाब उतरत नाही तेव्हा मी आधी स्वयंपाकघरातील बरण्यांची चौकशी करते.

पावसाचे पाणी तुंबते ते केवळ पाऊस जास्त झाल्याने नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखापेक्षा वर असते आणि शहरातले पाणी बाहेर जाऊच शकत नाही. त्याच तासांत मुसळधार पाऊस झाला तर पाणी परतून वस्तीत शिरते. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी चढले, लोकल बंद पडल्या आणि अनेक वसाहती विजेविना राहिल्या. सातव्या मजल्यावरच्या माणसाला घरात पाणी शिरण्याचे भय नसते; पण वीज गेली की उद्वाहन थांबते, पाण्याचा पंप थांबतो आणि प्राणवायूचे यंत्रही थांबते. घरात असे यंत्र असेल किंवा कोणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागत असेल, तर इमारतीचे जनित्र उद्वाहनापुरते तरी चालते का, हे केवळ विचारू नका, चालवून दाखवायला सांगा. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. लेप्टोस्पायरोसिस टाळण्याचे औषध त्या अवधीत सुरू करता येते. ताप येण्याची वाट पाहू नये.

खाऱ्या वाऱ्याचा दुसरा बळी लोखंड. खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे भाग इथे लवकर गंजतात. त्याहून चिंतेचे ते न दिसणारे. हवेतील क्षार काँक्रीटच्या भेगांतून आतल्या सळईपर्यंत पोहोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि छताचे पोपडे पडतात. सज्जाच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तांबूस भेग दिसली तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. इमारतीला तीस वर्षे झाली की संरचनात्मक तपासणी सक्तीची होते. किनाऱ्यावर तितकी वाट पाहणे मला धोक्याचे वाटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत जुनी नव्हती.

कायद्याचे मी थोडक्यातच सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा, महारेराची नोंदणी आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर ती जागा कोठे पडते, या चार गोष्टी स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्या. विकासकाने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न अंतराचा आहे, तोही समुद्रापासूनच्या नव्हे. छातीत दुखू लागले तर रात्री दोन वाजता कोणत्या रुग्णालयात जायचे? तेथे त्या वेळी हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडण्याची सोय आहे का? आणि घरापासून तेथे पोहोचायला किती मिनिटे लागतात? हे तिन्ही प्रश्न दूरध्वनीवर विचारून एका कागदावर लिहून ठेवा. अनेकांच्या मनात असते की जुने डॉक्टर मुंबईत आहेत, गरज पडली तर तिकडे जाऊ. पण वसईतून मुंबईला रस्त्याने जायचे तर पूर्वेला महामार्ग गाठून वरसाव्याच्या पुलावरूनच खाडी ओलांडावी लागते, आणि तेथील कोंडी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकत नाही. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे. ती फेरफटक्याला छान आहे, पण मध्यरात्रीच्या आजारपणाला उपयोगाची नाही. लोकलने विरारच्या गर्दीत चढणे-उतरणे साठीनंतर काय असते, ते मी सांगायला नको. एखाद्या तज्ज्ञाकडे महिन्यातून एकदा जावे लागत असेल तर ती ये-जा घर घेण्याआधी दोनदा करून बघा, एकदा सकाळी आणि एकदा पावसात.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असेल तर स्थलांतराचा विचार मी फार सावधपणे करायला सांगते. चाळीस वर्षे ज्या खोलीत माणूस वावरला, तिथे त्याचे पाय बुद्धीच्या मदतीशिवाय चालतात. नव्या घरात तो रात्री उठतो आणि जुन्या घरातील न्हाणीघराच्या दिशेला जातो. तिथे आता सज्जाचे दार असते. बाहेर निघाला तर चाळीतले शेजारी त्याला हात धरून परत आणत. नव्या वसाहतीत पहारेकरीही त्याला ओळखत नाही, आणि आसपास विहिरी व खाडी आहे. जायचेच असेल तर त्याचा पलंग, त्याची खुर्ची, भिंतीवरचे घड्याळ जुन्याच मांडणीत लावा, आणि न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवे ठेवा.

दोन वर्षांपूर्वी गिरगावातून आलेल्या एका जोडप्याला मी सुचवले की विकत घेण्याआधी जून ते सप्टेंबर इथे भाड्याने राहा. मुलगा नाराज झाला. किमती वाढतील म्हणाला. वडील सत्तर ओलांडलेले, आई दम्याची रुग्ण. त्यांनी रानगावाजवळ, समुद्र दिसेल अशा इमारतीत चार महिने काढले. आईंचा दमा जुलैत दोनदा बळावला. वडिलांना संध्याकाळच्या भजनाची सोबत हवी होती. ती त्यांना पापडीत मिळाली, पण तिथवर रिक्षा पावसात मिळेना. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पापडीजवळ, किनाऱ्यापासून बरेच आत, पूर्वेकडे उघडणाऱ्या खोल्यांचे दुसऱ्या मजल्यावरचे घर घेतले. मुलाच्या हिशेबापेक्षा ते थोडे महाग पडले. आई आता डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून तीनदा रिक्षाने सुरूच्या बागेत जातात आणि बाकावर बसतात.

भाड्याने राहणे शक्य नसेल, तर निदान एक फेरी जुलै-ऑगस्टमधील अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीची वेळ पंचांगात वा वर्तमानपत्रात पाहून करा. पायात रबरी बूट घाला. इमारतीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, आणि सोबत त्या माणसाला घ्या, ज्याला पुढची वीस वर्षे त्या रस्त्याने औषधाच्या दुकानात जायचे आहे.